कादंबरी वर्गात वाचताना अवघड शब्द कधी सांगावेत: आधी, मध्येच की नंतर?

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव शहरातल्या मराठी शाळेत आठवी-नववीला एखादी जुनी कादंबरी सलग वाचायचं ठरलं, की शिक्षकांपुढे तीन वाटा असतात. अवघड शब्द आधीच फळ्यावर लिहून अर्थ सांगायचे, मूल अडेल तिथं थांबून सांगायचे, किंवा प्रकरण संपेपर्यंत पुढं जात राहून शब्दांकडे नंतर वळायचं. यातली कुठली वाट धरायची हे वर्गाच्या हुशारीपेक्षा कादंबरीवर जास्त अवलंबून असतं, असं माझं ठाम मत आहे.

दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून बघा. एक ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीची, यमूनं स्वतः सांगितलेली तिच्या आयुष्याची हकीकत. दुसरी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ ची, माणदेशातल्या धनगरवाडीवर गेलेल्या तरुण मास्तराची.

आपट्यांच्या कादंबरीत मूल अडतं ते सोवळं, माजघर, केशवपन अशा ठिकाणी. त्यानं फक्त शब्द ऐकलेला नसतो असं नाही, ती गोष्टच त्याच्या जगात नसते. केशवपन म्हणजे काय हे माहीत नसलेली मुलगी यमूचा शेवट वाचून कोरडी राहील. हा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांतून नीटसा निघत नाही, कारण लेखकाच्या काळच्या वाचकाला तो सांगायची गरजच नव्हती. इथं आधी सांगणं हाच मार्ग. पण शब्दार्थांची यादी नको. एक पूर्ण तास त्या काळच्या घराबद्दल, विधवेच्या जगण्याबद्दल बोला. (पहिली मराठी कादंबरी मानली जाते त्या ‘यमुनापर्यटन’चा विषयही विधवांचं दुःख हाच. ती १८५७ ची, आणि ती लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले. आपल्या मुलांना हे कळायलाच हवं.)

‘बनगरवाडी’चं तसं नाही. चावडी, कारभारी, घोंगडं, तालीम, मेंढरं. यातला एखादा शब्द शहरातल्या मुलाला नवा असेल, पण वस्तू त्याच्या ओळखीची असते. चिकोडी-रायबागकडच्या पोरांनी रस्त्यावरून जाणारे मेंढरांचे कळप पाहिलेले असतात. बेळगावच्या पोराला कुस्तीची तालीम वेगळी सांगावी लागत नाही. आणि आपल्या भागातल्या मुलाकडे पुण्याच्या मुलाकडे नसलेली एक शिदोरी असते, ती म्हणजे कन्नड. घोंगडं म्हटल्यावर जो गप्प बसतो तो ‘कंबळी’ म्हणताच मान हलवतो. तालमीला ‘गरडी मने’, मेंढराला ‘कुरी’, दुष्काळाला ‘बरगाल’. चावडी तर दोन्हीकडे चावडीच. अशा कादंबरीला आधी यादी देणं म्हणजे पोरांच्या डोक्यातलं काढून घेऊन त्यांनाच परत शिकवणं. फक्त संस्थान म्हणजे काय आणि गावगाड्यात रामोशी काय काम करायचा, एवढं पहिल्या दिवशी सांगा. मग पुस्तक उघडा आणि थांबू नका.

मराठीच्या तासाला कन्नड शब्द उच्चारू द्यावा का, यावर आपल्याकडे मनं हळवी आहेत. त्यामागची कारणं मला माहीत आहेत आणि ती मी हलकी मानत नाही. तरीही मी उच्चारू देते. मुलानं कन्नड शब्दाला धरून मराठी वाक्य कळून घेतलं तर शेवटी वाचली जाते ती मराठी कादंबरीच. सावध राहायचं ते सारख्या दिसणाऱ्या संस्कृत शब्दांबाबत. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे संशय आणि ‘अवसर’ म्हणजे घाई. मराठी कादंबरीत हे शब्द आले की कन्नड घरातलं मूल अडखळत नाही, उलट आत्मविश्वासानं चुकीचा अर्थ घेऊन पुढं जातं. जिथं मूल अडत नाही तिथं शिक्षकाचंही लक्ष जात नाही, म्हणून असे शब्द आपणच आधी हेरून ठेवावेत.

अडेल तिथं थांबण्याची पद्धत सगळ्यात जास्त वापरली जाते आणि मला ती सगळ्यात कमी पसंत आहे. चाळीस मिनिटांच्या तासात दहा शब्दांना तीन-तीन मिनिटं दिली की वाचायला दहा मिनिटं उरतात. गोष्टीचा धागा सुटतो तो वेगळाच. त्यातही अर्थ विचारायला तीच चार धीट मुलं हात वर करतात. मोबाईलवर अर्थ शोधण्याची गतही हीच. अगदीच थांबावं लागलं तर एका श्वासात पर्यायी शब्द सांगून पुढं जावं, व्युत्पत्ती उद्यावर ठेवावी.

आधी यादी देण्याची एक बाजू मात्र खरी आहे: पालकांना ती दिसते. दहावीला प्रथम भाषेची परीक्षा असते, आणि वहीत समानार्थी शब्द भरलेले दिसले की घरच्यांना धीर येतो. पाठ्यपुस्तकातल्या धड्याला यादी चालतेही. दीडशे पानांच्या कादंबरीला ती पेलवत नाही.

राहिली नंतरची वाट. तिची खरी कसोटी वहीत लागते. प्रकरण संपल्यावर सहा ते आठ शब्द निवडा, आणि तेही मुलांना निवडू द्या. प्रत्येक शब्दासमोर तीन गोष्टी हव्यात: कादंबरीतलं मूळ वाक्य, घरी त्यासाठी काय म्हणतात ते (कन्नड, खानापूरकडची बोली, काहीही), आणि मुलाचं स्वतःचं वाक्य. शब्दकोशातला अर्थ त्यानंतर. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे १९३२ ते १९३८ या काळातले सात खंड ग्रंथालयात मिळाले तर ते वर्गात आणाच, कारण त्यात बोलीतले शब्दही नोंदलेले आहेत, आणि आपल्या आजीचा शब्द छापलेला पाहून मुलं हरखतात. निवडलेले शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं पुन्हा विचारावेत. शिकलेलं माणूस किती झपाट्यानं विसरतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलं होतं, आणि उपायही तोच होता, अंतर ठेवून उजळणी.

या वाटेचा तोटा असा की मागे पडलेलं मूल प्रकरणभर गप्प बसून राहू शकतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून पुस्तक नक्की करण्याआधी एक छोटी चाचणी घ्या. मधलंच एक पान, साधारण २५० शब्दांचं, वाटा आणि न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा, नाव न लिहिता. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांबाबत मांडलं की मदतीशिवाय नीट समजायला ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे अशा पानावर अनोळखी शब्द पाचच. मराठीत प्रत्ययांमुळे हिशेब जरा बदलेल, पण अंदाजाला पुरेसं आहे. बहुतेक पानांवर पाच-सात रेघा असतील तर नंतरची वाट बिनधास्त धरा. पंधरा-वीस असतील तर त्या कुठल्या शब्दांखाली आहेत ते बघा. वस्तूच माहीत नसेल तर आधीचा तास वाढवा. साधे, रोजचे मराठी शब्दच अडत असतील तर कुठलीही यादी कामाला येणार नाही. पहिली तीन-चार प्रकरणं तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मग पुस्तक मुलांच्या हातात द्या.