मायटर सॉ घेताना: हातकरवत, साधा की स्लायडिंग?

अमळनेरहून भाच्याचा फोन आला, "मामा, कोनतं मशीन लेऊ?" त्याला फोटोफ्रेम आणि कपाटाच्या बिडिंगचं (कडेच्या बारीक पट्ट्यांचं) काम सुरू करायचंय, त्यासाठी मायटर सॉ हवा, म्हणजे लाकूड ठरलेल्या कोनात कापणारं विजेचं मशीन. त्याचे इंच म्हणजे गोल पात्याचा व्यास. दुकानदाराने १२ इंची स्लायडिंग दाखवलं होतं, लेझरवालं. मी म्हटलं, १० इंची साधं घे. आणि कारणं समजून घे, कारण तुझं काम उद्या बदललं तर उत्तरही बदलेल.

चौकोनी फ्रेमला चार कोपरे, म्हणजे ४५ अंशाचे आठ काप. प्रत्येक काप पाव अंश चुकला तरी पहिले तीन कोपरे घट्ट बसतात आणि सगळी चूक चौथ्यात गोळा होते: २ अंश. पट्टी ६० मिमी रुंद असेल तर त्या कोपऱ्याच्या एका टोकाला जवळपास ३ मिमीची फट पडते. सागाच्या फ्रेमवर लांबी (पुट्टी) भरून ती लपत नाही. पॉलिश चढलं की तेवढाच डाग वेगळा दिसतो.

महिन्याला दोन-चार फ्रेमच करायच्या असतील तर मायटर पेटी (करवत ठरलेल्या कोनात धरणाऱ्या खाचांची लाकडी पेटी) आणि बारीक दातांची करवत पुरे. काप किंचित मोठा ठेवायचा आणि धारदार रंध्याने कोन साधायचा. वेळ जातो, पण सांधा सुंदर येतो. पेटीच्या खाचा रुंदावल्या की मात्र ती बदलायची. आपल्याकडे बरेच जण हातात धरायचा गोल पात्याचा कटर टेबलाखाली उलटा बसवून काम काढतात. त्यात कोन दरवेळी तोच येईल याचा भरवसा नाही आणि बोटांना धोका मोठा. फॅब्रिकेशनवाल्यांच्या १४ इंची लोखंड कापायच्या मशीनला लाकडाचं पातं तर कधीच लावू नका.

आता खरी निवड. साधं १० इंची मशीन सरळ कापात साधारण ५ इंच रुंदी घेतं, ४५ अंशावर साडेतीन इंचांच्या आसपास. स्लायडिंगमध्ये सरळ काप १२ इंचांपर्यंत जातो. कपाटाच्या फळ्या, जिन्याच्या पायऱ्या कापायच्या असतील तर स्लायडिंगला पर्याय नाही. पण त्याचं डोकं, म्हणजे मोटर आणि पातं, दांड्यांवर पुढे-मागे सरकतं आणि कोनाची अचूकता तिथेच निसटते. मी स्वतः एक स्लायडिंग घेतलं होतं. बारीक पट्टी चोख निघायची, आठ इंची फळीत मात्र काप शेवटाला मिलिमीटरभर वळायचा. दुकानात सांगितलं तर म्हणाले, हाताचा दोष. शेवटी वीज काढली, डोकं पूर्ण बाहेर ओढलं आणि आडवं हलवलं, तर दांडा बोटाला जाणवेल इतका डुलत होता. मग फ्रेमसाठी मी दांडा कसून, डोकं न सरकवताच कापायला लागलो. म्हणजे जास्त पैसे मोजून साधंच मशीन वापरलं! १२ इंची पात्याचं तसंच: जाड लाकूड जातं, पण मोठं पातं जास्त लवतं.

म्हणून दुकानात जाताना गुण्या (काटकोन तपासायचं साधन), स्टीलची पट्टी आणि दोन्ही कडा समांतर असलेली एक लाकडी पट्टी सोबत न्या. मागच्या फेन्सच्या (लाकूड टेकवायच्या उभ्या आधाराच्या) दोन्ही भागांवर स्टीलची पट्टी टेकवा, मधून उजेड दिसता कामा नये. मग लाकडी पट्टी ९० अंशावर कापायला सांगा. एक तुकडा पालथा करा, दोन्ही तुकडे फेन्सला टेकवा आणि कापलेली टोकं जुळवा. जी फट दिसेल ती चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूकही डोळ्यांना सापडते. ४५ चे दोन तुकडे जोडून आत गुण्या लावा. चूक निघाली म्हणून लगेच नाकारू नका. फेन्स आणि कोनाचे आकडे असलेली पट्टी स्क्रूने जुळवता येते का ते विचारा. जुळवता येत नसेल तर ते मशीन सोडा. लेझर कुठे कापायचं ते दाखवतो, कोन बरोबर करत नाही.

वाचलेले पैसे पात्यात घाला. सोबत येणारं पातं बहुधा कमी दातांचं असतं. फ्रेमला ६० ते ८० दातांचं घ्या. दात पुढे फार झुकलेले नकोत, नाहीतर पातं लाकूड ओढतं.

१६५० वॅटचं मशीन सुमारे ७ अँपिअर घेतं. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, त्यात लांब बारीक वायर लावली तर मोटर दमते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि मोठा प्लग लावा.

एवढं करूनही पावसाळ्यात जोडलेली फ्रेम मे महिन्यात आतल्या बाजूने उघडली, तर मशीनचे स्क्रू फिरवत बसू नका. जळगाव-धुळ्याच्या उन्हात लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे ४५ चा कोनच बदलतो. बाहेरच्या बाजूने फट पडली तर लाकूड फुगलंय. भाच्याला म्हटलं, साग आणलास की महिनाभर तुझ्याच शेडमध्ये पट्ट्यांच्या आधारावर रचून ठेव, मग काप.