संमतीची अट की थेट बंदी?

संस्थेची आचारसंहिता लिहिताना हा पेच हमखास पडतो: ‘स्पष्ट संमती हवी’ एवढंच लिहायचं, की काही लैंगिक संबंधांवर थेट बंदी घालायची?

संमतीची अट प्रौढांच्या खासगी निर्णयाचा मान राखते. पण समोरच्याच्या हातात पगार, गुण किंवा मदतीचं धान्य असेल, तर तो होकार कितपत मोकळा? शिवाय नकार दिला होता हे तक्रारदारालाच पटवून देत बसावं लागतं. मला हे अन्यायाचं वाटतं. बंदी असली की चौकशी सोपी: संबंध होता का, एवढंच पाहायचं. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या २००३ च्या नियमांत १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंधाला मनाई आहे. वयाबद्दल गैरसमज झाला ही सबब चालत नाही. पैसे किंवा नोकरीच्या बदल्यातही मनाईच.

समान पदांवरच्या प्रौढांसाठी संमतीची अट पुरेशी. शिक्षक-विद्यार्थी, मदतकर्ते-लाभार्थी, साहेब आणि हाताखालचे यांच्यासाठी बंदीच हवी.