आधी ‘भीमायन’ की आधी ‘दिल्ली काम’?

‘मार्मिक’ आणि लक्ष्मणांच्या कॉमन मॅनवर वाढलेल्या आपल्याला राजकीय व्यंगचित्र म्हणजे एक चौकट, एक फटका, की उलटलं पान. चित्रांतून पुस्तकभर चालणारं राजकारण वाचायचं तर सुरुवात कुठून करू, असं एका मित्रानं साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना विचारलं. माझ्याकडे दोन पुस्तकं होती. दोन्ही मुळात इंग्रजी.

विश्वज्योती घोष यांचं ‘दिल्ली काम’ २०१० चं. (हे ‘काम’ म्हणजे शांत, आपलं कामधंद्यातलं नव्हे.) विषय आणीबाणी. इंदिराबाई इथं ‘मदर मून’, जयप्रकाश ‘प्रॉफेट’. उपरोध ठासून भरलाय, चित्रं जुन्या फोटोंसारखी तपकिरी. टोला आवडणाऱ्याला हे लगेच जवळचं वाटेल. फक्त १९७५-७७ ची माहिती हवी, नाहीतर निम्मे टोले डोक्यावरून जातात.

‘भीमायन’ (२०११) ही डॉ. आंबेडकरांची गोष्ट, ती हसवत नाही. म्हणायला बसस्टॉपवर आरक्षणाच्या नावानं बोटं मोडणारा एक तरुण आहे, त्याची बरी फिरकी घेतलीय. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची. नेहमीच्या चौकोनी चौकटी इथं नाहीत, घराच्या भिंती सारवून काढतात त्या नक्षीच्या वळणदार पट्ट्याच पान विभागतात. बोलण्याचे फुगे तर थांबून बघावेत असे: साध्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! कोण कसा आहे हे मजकूर वाचायच्या आधीच कळतं.

आणि गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. साताऱ्याच्या शाळेत जाणारा भीमराव १९०१ च्या सुमारास भावा-भाच्यांबरोबर वडिलांकडे गोरेगावला (मुंबईचं नव्हे, खटाव तालुक्यातलं) निघतो आणि मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, बैलगाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, असं ठरतं. बरोबर डबा आहे, पण प्यायला पाणी कुणी देत नाही.

माझं मत: आधी ‘भीमायन’, आणि तेही कागदावरच. मोबाईलवर ती मोठी पानं बघणं म्हणजे चित्रांची माती.

मित्रानं सगळं ऐकून घेतलं आणि ‘दिल्ली काम’ पिशवीत टाकलं. मसूरचं पान तेवढं उभ्याउभ्या दोनदा पाहिलं. आजोळ आहे त्याचं.