ड्वेल 40 दाखवून डेल्को लंपास

खिशातून गेले 21,750 रुपये. डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, 14,500, पॉइंट-कंडेन्सर 1,850, कॉइल 2,400 आणि 'फुल ट्यूनिंग'ची मजुरी 3,000. गाडीचा मूळ डेल्को मिस्त्री घेऊन गेला, त्याची किंमत यात धरलेलीच नाही. गाडी ॲम्बेसेडर मार्क 2, डेल्को ल्युकासचा 25डी4. नेणारा मुंबईतलाच, घरी येऊन जुन्या गाड्या 'सेट' करून देणारा.

चांगला पार्ट बाद ठरवायचा, भंगारातला रंगवून बसवायचा आणि काढलेला खिशात घालायचा, हा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे. इथे नवीन होतं ते मीटर.

डेल्कोतला कॅम, म्हणजे उंचवट्यांचा फिरता दांडा, पॉइंट उघडतो-मिटतो; पॉइंट किती अंश मिटलेले राहतात तो ड्वेल. त्याच्याकडे काट्याचा ड्वेल मीटर होता. त्यावर काटा एकच, कमानी तीन: चार सिलिंडरला 0 ते 90, सहाला 0 ते 60, आठला 0 ते 45. पॉइंट दोन-तृतीयांश वेळ मिटलेले असले की काटा एकाच जागी उभा राहतो. चारच्या कमानीवर ते 60 वाचायचं, सहाच्या कमानीवर तेच 40 आणि आठच्या कमानीवर 30. 25डी4 ला ड्वेल 60 लागतो, तीन अंश इकडेतिकडे चालतात. काटा तिथेच होता, म्हणजे डेल्को ठणठणीत होता. यानं चारच्या कमानीवर ग्रीसनं काळा झालेला अंगठा ठेवला आणि खालची ओळ दाखवली. "बघा साहेब, चाळीस. कॅम खलास."

'कॅम खलास म्हणून ड्वेल कमी', हे वाक्य कानावर पडलं त्या क्षणी माणसाला गेटबाहेर काढायला हवं. कॅमचे उंचवटे झिजोत की त्यांना घासणारी पॉइंटची टाच झिजो, पॉइंट कमी उघडतात. गॅप कमी झाली की ड्वेल वाढतो. वाढतो! झिजून 60 चे 65-66 होतील, 40 होणार नाहीत. त्यासाठी कुणीतरी स्क्रू सोडून गॅप बेफाम वाढवावी लागते. शिवाय ड्वेल खरोखर 20 अंशांनी घटला असता तर टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, क्रँकवर साधारण तेवढंच पुढे सरकलं असतं. सेल्फ मारताना इंजिनानं उलटा झटका दिला असता, चढावर टकटक आली असती. गाडी तर समोर शांत आयडलला उभी होती! सकाळी स्टार्ट व्हायला जरा वेळ घेते, एवढीच तक्रार होती.

आता 'कळत होतं तर बोलला का नाहीत' असं विचारणारे भेटतातच. ज्याच्या हातात मीटर, त्याचा अंगठा उचलून आकडा वाचायची रीत कुठे आहे? आणि या शहरात मिस्त्री होते ते फिएटचे. टॅक्सी फिएट, म्हणून मिस्त्रीही फिएटचे. 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी संपल्या, तेही पांगले. ॲम्बेसेडरवाल्यानं जायचं कुणाकडे?

त्यानं बसवलेला डेल्को आयडलला 60 दाखवतो आणि 2,000 आरपीएमला 52. दोन-तीन अंशांचा फरक सोडून द्यावा, आठ अंश म्हणजे शाफ्ट धरणारा बुश संपला, शाफ्ट डुलतोय. टायमिंग लाइट धरला की पुलीवरची खूण थरथरते. वरून चकचकीत चंदेरी रंग. 'नव्या' पॉइंटच्या तोंडावर कानशीच्या रेघा. कंडेन्सर 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास हवा, मल्टिमीटरवर निम्माही भरत नाही. असा कंडेन्सर पॉइंट जाळतो आणि मग पुन्हा त्यालाच फोन.

डेल्कोच्या बॉडीवर ठोकलेल्या नंबराचा फोटो काम सुरू होण्याआधी काढा. काढलेला पार्ट बिल मिळेपर्यंत गाडीच्या डिकीतच राहील.

पोलीस ठाण्यात काय झालं ते लिहायलाच हवं. "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली?" डेल्को म्हणजे काय इथपासून सुरुवात. ड्वेलचं गणित कागदावर मांडून दाखवलं, तर समोरच्यानं कागद उलटा करून त्यावर चहाचा ग्लास ठेवला. मग 'हा दिवाणी मामला'. अहो, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीसाठीच आहे ना? खूप विनवण्यांनंतर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहिली, तीत 'पार्ट बदलण्यावरून वाद'. वाद! वस्तू उचलून नेली त्याला वाद म्हणायचं. आरटीओत एकाला विचारलं तर त्यानं आधी पीयूसी मागितलं. बँकेचं म्हणणं, 10,000 यूपीआयनं तुम्हीच पाठवलेत. उरलेले 11,750 रोख, त्यांचा आम्हाला पत्ताच नाही. बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही. फुलस्केपवर 'डेल्को नवा' एवढे दोन शब्द. प्रत्येक टेबलावर तोच कागद पाहून तीच मान हलली.

मिस्त्रीला पक्कं बिल द्यायचं नसेल तर बोनेट उघडू देऊ नका. पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर मागितले तर देऊ नका. ग्राहक तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. मुदत 2 वर्षं.

मुळात हे काम अर्ध्या तासाचं. कॅप आणि रोटर काढा, टाच कॅमच्या टोकावर येईपर्यंत इंजिन फिरवा, पंधरा थाऊची (0.015 इंचाची) पट्टी जेमतेम घासत जाईल अशी गॅप ठेवा. स्क्रू आवळताना गॅप हलते, म्हणून आवळल्यावर परत मापा. पट्टीचं तेल पॉइंटला लागतं, ते पेट्रोलमध्ये भिजवलेल्या पुठ्ठ्यानं पुसा. कॅमला ग्रीस किंचितच. मग मीटरची एक क्लिप कॉइलच्या सीबी टर्मिनलला (जिथून वायर डेल्कोकडे जाते), दुसरी बॉडीला. आधी ड्वेल, नंतर टायमिंग; उलट केलंत तर टायमिंग परत बिघडणार. जो मिस्त्री आधी टायमिंग धरतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

तो आता फिएटवाल्यांकडेही जातो असं कळलंय. फिएटचं इंजिनही चार सिलिंडरचंच, तेव्हा मीटर स्वतःच्या हातात घ्या आणि 0 ते 90 ची कमान वाचा.