'रिव्हॉल्वर'चा पाच सीडींचा संच: कुठलं गाणं कुठल्या रूपात ऐकावं

'टॅक्समन'चं जुनं स्टिरिओ रूप लावा आणि बॅलन्सचा खटका पूर्ण उजवीकडे फिरवा. ड्रम गेले, बेस गेला, ऱ्हिदम गिटारही गेली. मागे उरला गाणाऱ्यांचा आवाज, खंजिरी आणि काउबेल. बीटल्सच्या 'रिव्हॉल्वर' या अल्बमचं हे जुनं दुखणं. ऑगस्ट १९६६ मध्ये रेकॉर्ड आली तेव्हा ऐकणारे बहुतेक जण मोनोवाले, म्हणजे सगळा आवाज एकाच स्पीकरमधून ऐकणारे होते, बँडचं लक्षही मोनो मिक्सवरच होतं. स्टिरिओ मागाहून, उरकून टाकल्यासारखं झालं.

ते नंतर दुरुस्त का करता आलं नाही, याचं कारण टेपमध्येच आहे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तेव्हा चार ट्रॅकची, म्हणजे टेपवर आवाजाच्या चारच वेगळ्या पट्ट्या घेणारी मशिनं होती. 'टॅक्समन'चे ड्रम, बेस आणि गिटार एकाच ट्रॅकवर एकत्र घेतलेले. कणीक मळून झाल्यावर त्यातलं मीठ वेगळं काढायचं म्हटलं तर कसं काढणार? चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या न्यूझीलंडमधल्या कंपनीत एमिल दे ला रे यांच्या गटानं ते काढून दाखवलं. संगणकाला एकेका वाद्याचा आवाज ओळखायला शिकवलं आणि एका ट्रॅकमधून वाद्यं सुटी केली. त्यावरून निर्माता जाइल्स मार्टिन आणि इंजिनिअर सॅम ओकेल यांनी नवं स्टिरिओ मिक्स बांधलं. हा संच २८ ऑक्टोबर २०२२ रोजी बाजारात आला.

संचात एकूण ६३ ट्रॅक आहेत: नवं स्टिरिओ मिक्स, मूळ मोनो, सराव आणि कच्च्या टेकच्या (गाणं मुद्रित करण्याच्या एकेका प्रयत्नाच्या) दोन सीडी, आणि 'पेपरबॅक रायटर' व 'रेन' यांची पाचवी सीडी. ही पाचवी म्हणजे शुद्ध चैन. चार ट्रॅक, जेमतेम दहा-अकरा मिनिटं. मोनोची सीडी ३५ मिनिटांचीच आहे, तिच्यात हे सहज मावलं असतं. दोन सीडींची स्वस्त आवृत्तीही निघते, पण तिच्यात मोनो अल्बम नाही आणि कच्चे टेकही निवडकच आहेत. मोनोशिवाय 'रिव्हॉल्वर' म्हणजे अर्धाच, त्यामुळे तिच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा स्ट्रीमिंगवर मोठा संच पूर्ण ऐकावा. तिथे एक गोष्ट मात्र बघून घ्या. गाण्याच्या नावापुढे '२००९ रिमास्टर' असेल तर ते जुनंच मिक्स, फक्त धुऊनपुसून दिलेलं. नवं हवं असेल तर '२०२२ मिक्स' असं लिहिलेलं शोधा. दोन रूपं ताडून बघताना आवाज आधी सारखा करून घ्या. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला नेहमीच सरस वाटतं, आणि निम्मे वाद त्यातूनच होतात.

आता गाण्यांकडे. 'टॅक्समन' नव्या मिक्समध्येच ऐका, दुसरा विचार नको. बेस मधे आला, ड्रमला दोन्ही बाजूंना जागा मिळाली. गाणं बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचं, पण तो धारदार गिटार सोलो वाजवलाय पॉल मॅकार्टनीनं. शेवटी गाणं विरत जाताना पुन्हा येतो तो तोच सोलो, टेपवरून उचलून तिथे चिकटवलेला. वीसातला एक तुझा आणि एकोणीस माझे, हा गाण्यातल्या करवसुली करणाऱ्याचा हिशेब कवीची अतिशयोक्ती नाही: तेव्हा ब्रिटनमध्ये सर्वांत वरच्या उत्पन्नावर ९५ टक्के कर लागायचा. सरावाच्या सीडीवर ११ वा टेक आहे. त्यात मागच्या आवाजांचे बोल निराळे आहेत आणि गाणं विरत न जाता खाडकन थांबतं.

'एलिनॉर रिग्बी'त बीटल्सपैकी कुणीच वाद्य वाजवत नाही. चार व्हायोलिन, दोन व्हियोला, दोन चेलो. इंजिनिअर जेफ एमरिक तेव्हा विशीचा. त्यानं माइक तारांच्या इतके जवळ नेले की वादक खुर्च्या मागे सरकवू लागले. गज तारेवर घासल्याचा खरखरीतपणा ऐकू येतो तो त्यामुळे. जुन्या स्टिरिओत एक उघड चूक राहून गेली आहे: पहिल्या कडव्यात नायिकेचं नाव सुरू होतं तेव्हा क्षणभर दुहेरी आवाज ऐकू येतो आणि लगेच एकेरी होऊन उजव्या कोपऱ्यात जातो. कुणीतरी बटण उशिरा बंद केलं, एवढंच. नव्यात गायक मधे आणि वाद्यं दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. पण या गाण्याचा खरा ऐवज सरावाच्या सीडीवर आहे. दुसऱ्या टेकच्या आधी बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन वादकांना एक तुकडा व्हायब्रेटोसह, म्हणजे स्वर धरून बोट थरथरवत, आणि मग त्याशिवाय वाजवायला लावतो. पॉलला फारसा फरक कळत नाही. ऐकताना आपल्याला मात्र कळतो. थरथर काढली की तोच तुकडा कोरडा होतो, आणि गाण्याला तो कोरडेपणाच हवा होता.

'आय ॲम ओन्ली स्लीपिंग' मोनोतच ऐका. त्यातली उलटी गिटार अशी केली: आधी सूर ठरवले, ते शेवटाकडून सुरुवातीकडे लिहून काढले, तसे वाजवले आणि मग टेप उलटी फिरवली. प्रत्येक स्वर विरण्याऐवजी फुगत येतो आणि एकदम तुटतो. हे तुकडे मोनो आणि स्टिरिओत वेगवेगळ्या जागी पडतात, त्यामुळे ज्याला एका मिक्सची सवय आहे त्याला दुसरं ऐकताना पायरी चुकल्यासारखं होतं. मोनोत त्यांची जागा अधिक बरी जमली आहे.

मराठी वाचकांनी थांबावं ते 'लव्ह यू टू'पाशी. तबल्यावर अनिल भागवत आहेत. आयना आणि पॅट्रिशिया अंगडी हे दांपत्य लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल चालवत असे. तिथून ते आले आणि रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचं नाव छापलं गेलं. बाहेरच्या वादकाचं नाव कव्हरवर येणं ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट. ध्वनिमुद्रण ११ एप्रिल १९६६ ला सुरू झालं. हॅरिसन रविशंकरांना भेटला तो त्यानंतर, जूनमध्ये, म्हणजे इथली सतार शिष्याची नव्हे, हौशी माणसाची आहे. ती तशीच ऐकावी. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचा आलाप, स्वर काफीचे, कोमल गंधार आणि कोमल निषाद. मग तबला येतो. हॅरिसनला रविशंकरांच्या धर्तीवर सोळा मात्रांचं काही हवं होतं, पण भागवतांना मोकळं वाजवायला दिलं. आपल्या कानाला सम शोधायची सवय असते. इथे ती शोधत बसलात तर फसाल, कारण गाण्याच्या ओळीच मधेच तोकड्या होतात. शेवटी लय वाढते आणि द्रुत रंगू लागते न लागते तोच गाणं विरतं, हा त्यातला एक कायमचा अन्याय. नव्या मिक्समध्ये डग्गा सुटा होऊन येतो, त्याची घुमक नीट लागते. सरावाच्या सीडीवरचा पहिला टेक तर चक्क अकुस्टिक गिटारवर आहे. म्हणजे मुद्रणात सतारीचा साज त्यानंतर चढला.

'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' कुठल्याही रूपात गोडच लागतं. पॉलचा आवाज टेपच्या वेगाशी खेळून किंचित वर नेलेला आहे, तो कोवळेपणा तिथून येतो. सहाव्या टेकमध्ये मागचे आवाज नाहीत, तेव्हा गाण्याचा सांगाडा कळतो.

'यलो सबमरीन' बालगीत म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी आधी जॉन लेननची घरची टेप ऐकावी. तीच चाल, अकुस्टिक गिटार, आणि बोल एकटेपणाचे, कुणालाच पर्वा नव्हती अशा गावचे. या संचाची किंमत या एका टेपनं निम्मी वसूल होते. पुढच्या टेपवर जॉन आणि पॉल मिळून त्यातून पाणबुडी घडवताना ऐकू येतात. आवाजांच्या करामती १ जूनला रेकॉर्ड केल्या. पाण्यात साखळ्या घोळवल्या, ग्लास किणकिणवले.

'शी सेड शी सेड' २१ जूनला, म्हणजे शेवटच्या दिवशी झालं. नवं मिक्स इथे थोडं कमी पडतं. रिंगोचा ड्रम सुटा केला, पण झांजांचा आवाज हेडफोनवर किंचित पाणचट वाटतो. वाद्यं संगणकानं वेगळी केली की उंच स्वरांची किनार आधी झिजते, आणि हे गाणं जवळजवळ सगळंच झांजांवर उभं आहे. मोनो लावा. मधे बालपणाचा उल्लेख येतो तिथे चाल चार मात्रांतून तीनात जाते. ती नुसती टाळी देऊन मोजून बघा.

'गुड डे सनशाइन'चा एकही कच्चा टेक संचात नाही. 'डॉक्टर रॉबर्ट'चा आहे, पण त्यानं फार बिघडत नाही. 'अँड युअर बर्ड कॅन सिंग'ची पहिली, सोडून दिलेली चाल दोनदा आहे. एकदा सरळ आणि एकदा हसू आवरेना म्हणून वाया गेलेली. दुसरी आधी ऐकू नका, नाहीतर मूळ गाणं ऐकताना ते हसू डोक्यातून जाणार नाही.

'फॉर नो वन'मध्ये क्लॅव्हिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, आणि ॲलन सिव्हिलचा हॉर्न आहे. टेपच्या वेगामुळे गाणं दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकलं होतं, त्यात वरचा सूर हॉर्नच्या नेहमीच्या टप्प्यापलीकडचा. हे वाजवून दाखवणं सोपं नव्हे. संचातला दहावा टेक नुसत्या साथीचा आहे, त्यावर आपण गाऊ शकतो. 'आय वॉन्ट टू टेल यू' मधला पियानो मुद्दाम बेसूर लागतो. जो स्वर खटकतो तो चुकलेला नाही, मनातलं नीट सांगता येत नाही हेच गाणं म्हणतं आहे.

'गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ'मधल्या तीन ट्रंपेट आणि दोन सॅक्सोफोनच्या तोंडातच माइक घातले होते. नव्या मिक्समध्ये ते दणकट आहेत. पण मोनोत शेवट लांब आहे आणि पॉलचं ओरडणंही वेगळं, ते चुकवू नये. सरावातलं एक मिक्स वाद्यवृंद येण्याआधीचं आहे, त्यात ट्रंपेटच्या जागा गिटार भरते.

'रेन' अल्बममध्ये नाही, पण त्याच दिवसांतलं. साथ वेगानं वाजवून टेप सावकाश फिरवली, म्हणून ड्रम एवढे जड पडतात. पाचवा टेक मूळ वेगात आणि मंद केलेला, असे दोन्ही लागोपाठ ठेवले आहेत. पाठोपाठ लावा. टेपचा वेग बदलला की नेमकं काय होतं, ते सहा मिनिटांच्या आत कळतं.

आणि 'टुमॉरो नेव्हर नोज'. सगळ्यांत शेवटचं गाणं, पण मुद्रण सगळ्यांत आधी, ६ एप्रिलला, तेव्हाचं नाव 'मार्क १'. रिंगोच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, माइक जवळ आणला. लेननचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. खाली तंबोऱ्यासारखा एकच षड्ज धरलेला. त्यावर टेपचे पाच लूप, म्हणजे टोकं जोडून गोल फिरत राहणारे टेपचे तुकडे. सीगलचा म्हणून ऐकू येतो तो आवाज पॉलच्या हसण्याचा, वेग वाढवलेला. पहिला टेक मात्र या सगळ्याहून वेगळा आहे, चिखलातून चालल्यासारखा संथ आणि जड. तो अंधारात, स्पीकरवर, मोठ्यानं लावा. संचात अकरावं मोनो मिक्सही आहे. १९६६ च्या अगदी पहिल्या ब्रिटिश मोनो प्रतींवर चुकून तेच छापलं गेलं आणि लगेच बदलून आठवं घातलं. लूप त्यात वेगळ्या जागी वर येतात. जुन्या बाजारात मोनो प्रत हाती आलीच, तर दुसऱ्या बाजूच्या लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक उजेडात तिरका धरून वाचा. 'एक्सईएक्स ६०६-१' असेल तर ती अकराव्या मिक्सची प्रत, घासाघीस न करता घ्या.