जुन्या एक्सपी मशीनची हार्ड डिस्क व्हर्च्युअलबॉक्समध्ये: नऊ महिन्यांनंतर

अप्पांच्या छापखान्यातलं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं) मशीन २००४ सालचं. असेंबल केलेलं, पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क, विंडोज एक्सपी आणि पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७. गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या गडबडीत डिस्क टक्-टक् वाजायला लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, "डेटा काढून देतो, मशीन नवीन घ्या."

डेटा म्हणजे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका. सगळं युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर मराठी सारखंच दिसावं म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टिंबा-कंसांची खिचडी दिसते. त्यामुळे नुसत्या फाइल्स काढून काडीचा उपयोग नव्हता. अख्खं मशीनच उचलून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं ठरवलं, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये. हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या आत दुसरा, नकली कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम) चालवतं.

डिस्क धडधाकट असेल तर डिस्क-टू-व्हीएचडी हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं फुकट टूल बरं (एक्सपीवर त्याची जुनी आवृत्तीच चालते). विंडोज चालू असतानाच ते डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, बनवतं. पण मरायला टेकलेल्या डिस्कवर विंडोज चालू ठेवणं म्हणजे तिला आणखी दमवणं. म्हणून डिस्क खोलून आयडीई-यूएसबी अडॅप्टरला लावली. अडॅप्टर घेताना त्यासोबत वेगळा पॉवर सप्लाय आहे ना ते बघा, साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. माझा अर्धा दिवस मात्र जंपरनं (डिस्कच्या मागच्या पिनांवरच्या इवल्याशा टोपणानं) खाल्ला. तो 'केबल सिलेक्ट'वर होता आणि अडॅप्टर डिस्क ओळखायलाच तयार नव्हता. चिमट्यानं उचलून 'मास्टर'वर बसवला, लगेच दिसली.

कॉपीसाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कवरून डेटा वाचवणारं टूल वापरलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग पटापट उचलतं आणि अडलेल्या सेक्टरकडं (डिस्कच्या छोट्या तुकड्यांकडं) नंतर वळतं. कुठपर्यंत आलोय याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं. मध्ये दोनदा लाइट गेली, पण त्या फाइलमुळं काम पहिल्यापासून करावं लागलं नाही. पाच तास लागले, शेवटी २१२ केबी तेवढं वाचता आलं नाही. कमांड देताना जुनी डिस्क कुठली आणि इमेज कुठं जाणार हे तीनदा वाचा. उलट झालं तर जुन्या डिस्कवरच लिहिलं जाईल.

मग व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणाऱ्या व्हीबॉक्समॅनेजच्या कन्व्हर्टफ्रॉमरॉ कमांडनं त्या कच्च्या इमेजची व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क) फाइल केली. ती ३१ जीबीची झाली, कारण पुसलेल्या फाइल्सचा कचराही सोबत आला होता. पुढं एक्सपी चालू झाल्यावर आतून एसडिलीट या टूलनं रिकामी जागा शून्यांनी भरली, बाहेरून कॉम्पॅक्ट केलं, आणि ती १९ जीबीवर आली.

पण एक्सपी चालू होईपर्यंतच घाम फुटला. पहिल्याच बूटला निळा स्क्रीन, स्टॉप ७बी. म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. व्हीएममध्ये डिस्क मी साटा (आयडीईनंतरच्या जोडणीच्या) कंट्रोलरला जोडली होती आणि एक्सपीकडं त्याचा ड्रायव्हर मुळात नसतो. आयडीईला लावली, तरी तेच. जुना मदरबोर्ड व्हीआयए चिपसेटचा आणि व्हर्च्युअलबॉक्स सोंग घेतं इंटेलचं, त्यामुळे बूटच्या वेळी लागणारा इंटेलचा आयडीई ड्रायव्हर तिथं कधी नोंदलाच गेला नव्हता. ती व्हीडीआय दुसऱ्या एका विंडोज व्हीएमला जादा डिस्क म्हणून जोडली, तिथून एक्सपीच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) त्या ड्रायव्हरच्या नोंदी घातल्या आणि इंटेलआयडीईची सिस फाइल ड्रायव्हर डॉट कॅब या एक्सपीच्या ड्रायव्हरांच्या गठ्ठ्यातून काढून जागेवर ठेवली. जुनं मशीन अजून बूट होत असेल तर हे आधीच त्यावर उरकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. माझी रात्र गेली.

हार्डवेअर बदललं म्हणून एक्सपीनं तीन दिवसांत अॅक्टिव्हेट करा असं बजावलं. मशीनसोबत आलेलं लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. अप्पांनी तेव्हा खोक्यातली स्वतंत्र प्रत घेतली होती, म्हणून निभावलं.

एवढं झाल्यावर पेजमेकर उघडला, २००९ची एक पत्रिका जशीच्या तशी समोर आली आणि मी खूश होऊन ऑपरेटर ताईंना बोलावलं. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मराठी कुठंय?"

मराठी लॉकमध्ये होतं. टायपिंगचं सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेला) लावायच्या डोंगलवर, म्हणजे किल्लीसारख्या लॉकवर, चालायचं आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही. चारशे रुपयांची यूएसबी-पॅरलल केबल आणली ती वाया गेली. या केबली फक्त प्रिंटरसाठी असतात, डोंगलला खरा पोर्ट लागतो. कंपनीला फोन केला, तर जुन्या आवृत्तीचं लॉक बदलून मिळत नाही, नवी आवृत्ती पूर्ण किमतीत घ्या म्हणाले. वीस वर्षांपूर्वी पावती फाडून घेतलेल्या वस्तूबद्दल हे ऐकून अप्पा दोन दिवस गप्प होते.

नशिबानं फॉन्टला लॉक नाही, टायपिंगला आहे. म्हणजे फाइल उघडते, दिसते, छापते, फक्त नवीन अक्षर उमटत नाही. जुन्या पत्रिकेत तारीख किंवा नाव बदलायचं असेल तर ताई अल्ट दाबून नंबरपॅडवर त्या अक्षराचा कोड मारतात. सुरुवातीला 'ळ' हवा असला की दुसऱ्या पानावरचा 'ळ' कॉपी करून आणायचो. मग कॅरेक्टर मॅपमधून कोड उतरवून पुठ्ठ्यावर चिकटवले. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर हा उद्योग करू नका. नवीन कामं आम्ही आता युनिकोडमध्येच करतो.

रोजच्या वापरात तक्रार नाही. व्हीएमला १ जीबी रॅम दिलीय, होस्टला (बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरला) एसएसडी आहे, एक्सपी वीस सेकंदांत उघडतं. नेटवर्क अडॅप्टर बंदच ठेवलाय, कारण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीची) फाइल काढायची, तिथंच डिस्टिलर या सॉफ्टवेअरनं पीडीएफ करायची आणि शेअर्ड फोल्डरमधून बाहेर घ्यायची. फॉन्ट पीडीएफच्या आतच बसतात, ऑफसेटवाल्याकडून एकही फाइल परत आलेली नाही.

एक घोळ मात्र माझ्या हातून झाला. जानेवारीत काहीतरी बिघडलं म्हणून बेफिकीरपणे व्हीएमच्या जुन्या स्नॅपशॉटवर (आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर) परत गेलो आणि ताईंचं दोन दिवसांचं काम पुसलं गेलं. एका सोसायटीचा पूर्ण अहवाल होता. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चहा एकट्यानं घेतला. त्यानंतर कामाच्या फाइल्ससाठी वेगळी डी ड्राइव्ह केली आणि तिचा प्रकार 'राइटथ्रू' ठेवला. तशा डिस्कला स्नॅपशॉट हात लावत नाही.

कच्ची इमेज दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवलीय, व्हीडीआय बिघडली तर पुन्हा तिच्यापासून सुरू करता येतं. मूळ डिस्क अप्पांच्या कपाटात आहे, डोंगल तिच्या शेजारी. पुठ्ठ्यावर सुरुवातीला अकरा कोड होते, परवा मोजले तर सत्तावीस झालेत. शेवटचे चार ताईंच्या हस्ताक्षरात आहेत.