कार्डियामोबाइल: धडधड पकडायला चांगलं, छातीत दुखत असेल तर नको

अधूनमधून छातीत धडधड होते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबते, ही तक्रार असणाऱ्यांसाठी अलाइव्हकोर कंपनीचं कार्डियामोबाइल, म्हणजे फोनवर ईसीजी काढणारं छोटं उपकरण, खरंच कामाचं आहे. २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी टिपणारं यंत्र) लावला त्या दिवशी नेमकी धडधड होईलच असं नाही. हे उपकरण खिशात मावतं, त्यामुळे धडधड सुरू झाली की तिथल्या तिथे ईसीजीची पट्टी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, काढता येते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेनं २०२२ मध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक आजार), शोधण्यासाठी याची शिफारस केली ती अशाच रुग्णांसाठी.

साध्या मॉडेलवर धातूच्या दोन पट्ट्या असतात. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं त्यांवर ३० सेकंद टेकवायची. फोनशी ब्लूटूथची जोडणी नाही. उपकरण कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजातून संदेश पाठवतं आणि फोनचा माइक तो टिपतो. म्हणून फोन फूटभराच्या आत हवा आणि माइकवर जाड कव्हर नको. सिक्स-एल मॉडेल ब्लूटूथवर चालतं. त्याची खालची धातूची पट्टी डाव्या गुडघ्याला किंवा घोट्याला टेकवायची, पण उघड्या कातडीला. पायजम्यावरून काही मिळत नाही.

ईसीजीच्या बहुतेक खराब पट्ट्यांचं कारण एकच: लोक उपकरण घट्ट दाबतात. दाबलं की हाताचे स्नायू थरथरतात आणि रेघ गवतासारखी दिसते. कोपरं टेबलावर टेकवा, बोटं नुसती ठेवा, बोलू नका. बोटं कोरडी असतील तर किंचित ओली करा. फोन चार्जिंगला लावलेला नको. ॲपमध्ये मेन्स फिल्टर (घरातल्या विजेचा अडथळा गाळणारी सेटिंग) ५० हर्ट्झवर आहे ना तेही बघा. आपल्याकडची वीज ५० ची. ठोके उलटे, खाली गेलेले दिसले तर उपकरण उलटं धरलंय.

ॲपवर ‘अनक्लासिफाइड’ आलं, म्हणजे ॲपला पट्टी कुठल्या प्रकारात बसवता आली नाही, तर आजार सापडला असं नव्हे. आधी पाच मिनिटं बसून परत काढा. ठोके ५० च्या खाली गेले की ॲप ब्रॅडिकार्डिया, म्हणजे मंद ठोके, म्हणतं. मेटोप्रोलॉल ही ठोके मंदावणारी गोळी चालू असलेल्याला ४८ दिसले तर घाबरून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. ‘एएफ’ आलं तरी निदान ॲपचं नाही. डॉक्टर पट्टीवर ठोक्यांमधलं अंतर वेडंवाकडं आहे का आणि पी-वेव्ह (प्रत्येक ठोक्याआधीचा छोटा उंचवटा) गायब आहे का ते पाहतात. रक्त पातळ करायची गोळी द्यायची की नाही हे त्यानंतर ठरतं.

सगळ्यात मोठी अडचण ॲप दाखवतं त्या ‘नॉर्मल’ या शब्दाची. हे यंत्र हार्ट अटॅक ओळखत नाही. सिक्स-एलमध्येसुद्धा छातीवरच्या लीड्स (छातीवरून घेतलेल्या नोंदी) नाहीत, हृदयाचा पुढचा भाग त्यातून नीट दिसतच नाही. छातीत दाब, घाम, डावा हात भरून येणं असेल तर उपकरण शोधत बसू नका, १०८ लावा. पेसमेकर किंवा आयसीडी (छातीत बसवलेलं, गरज पडली तर हृदयाला शॉक देणारं यंत्र) असलेल्यांनी हे वापरू नये, असं कंपनीच सांगते.

उपकरणाला सेल लागतो सीआर२०१६. दुकानदार बऱ्याचदा २०३२ पुढे करतो. घेर तोच, पण जाडी दुप्पट, बसत नाही. डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट नको, ॲपमधली पीडीएफ पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये पट्टीवरच्या बारीक चौकटी पुसट होतात, आणि डॉक्टर मोजणार त्या चौकटीच.